मंडळाचा खोडवा राखणारा हवा



उसाची पहिली लागण सगळेच हौसेने करतात. खरी परीक्षा असते ती खोडव्याची. तोडणी होताच बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचे, नांग्या भरायच्या आणि खत-पाणी वेळेवर द्यायचे. हे ज्याच्या हातून होते त्याचाच खोडवा वजनाला उतरतो. गावच्या तरुण मंडळाचेही असेच आहे. उद्घाटनाला सारा गाव लोटतो, नारळ फुटतो, भाषणे होतात आणि वर्षभरात कुलपाला गंज चढतो.

आपल्या परिसरातील एका गावात आम्ही हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. मंडळाकडे कॅरम होता, व्हॉलीबॉलची जाळी होती, पुस्तकांचे एक कपाट होते. अध्यक्ष उत्साही गडी. पण दसरा झाला आणि तो घरच्यांबरोबर कोयत्यावर गेला. किल्ली त्याच्या घरातल्या पेटीत आणि घराला कुलूप! तो परत आला तेव्हा जाळी उंदरांनी कुरतडलेली. गावात राहिलेली पोरं सहा महिने पारावर बसून होती. त्यांच्यातल्या एका मुलाला सगळे खेळ, सगळी गाणी तोंडपाठ होती. "मग तू का नाही चालवलंस रे मंडळ?" असे विचारले, तर म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही."

दोष त्या अध्यक्षाचा नव्हे. पोटासाठी गेला तो. चूक एवढीच, की मंडळात पहिला माणूस होता, दुसरा नव्हता. बीड जिल्ह्यात तर ही गोष्ट फार जपायला हवी. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडची हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं. म्हणजे मंडळाची खरी गरज असते नेमकी तेव्हाच चालवणारे हात गावाबाहेर असतात.

यावर तोड आपल्या जुन्या माणसांनी काढलेली आहे. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कामासाठी ते शाळेबाहेर पडले, पण शाळा बंद पडली नाही. सहकाऱ्यांनी ती चालवली, आणि आजही ती उभी आहे. मोठा माणूस गेल्यावरही काम चालू राहिले, यातच त्या माणसाचे मोठेपण आले.

राष्ट्र सेवा दलाचे उदाहरणही घेण्यासारखे आहे. ४ जून १९४१ रोजी पुण्यात त्याची नव्याने बांधणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. रोज संध्याकाळी शाखा भरायची. खेळ, कवायत, गाणी आणि मग थोडा विचार. मुलांचे गट पाडलेले, आणि गटाची जबाबदारी मुलांपैकीच एकावर. काल रांगेत उभा राहिलेला मुलगा आज शिट्टी हातात घ्यायचा. काम करता करता पुढारी तयार होई. याच दलाच्या कलापथकांतून निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत पुढे आले. त्यांच्या हाती कुणीतरी पहिल्यांदा काम सोपवले होते, हे विसरू नये.

सरकारनेही १९७२ साली ग्रामीण तरुणांसाठी नेहरू युवा केंद्रांची योजना सुरू केली. गावोगावच्या युवा मंडळांना त्यांतून जोड मिळाली. ३१ ऑक्टोबर २०२३ पासून 'मेरा युवा भारत' ही नवी व्यवस्थाही आली आहे. नोंदणी जरूर करावी, साहित्य मिळाले तर घ्यावे. पण वरून येते ते साहित्य. रोज संध्याकाळी दार उघडणारा माणूस गावालाच द्यावा लागतो.

तो माणूस म्हणजे मंडळाचा मदतनीस. त्याच्या नावाची पाटी नसते आणि सत्काराचा हारही त्याच्या गळ्यात क्वचितच पडतो. त्याचे काम सोपे व्हावे म्हणून आम्ही काही गोष्टी सुचवतो.

किल्ल्या दोन असाव्यात, आणि त्यातली एक हंगामातही गावात राहणाऱ्याकडे असावी. प्रत्येक कार्यक्रमाला एक जबाबदार आणि एक जोडीदार नेमावा. पुढच्या खेपेला जोडीदाराने पुढे व्हावे, पहिल्याने मागे राहावे. आठवड्याचे काम कागदावर लिहून भिंतीला लावावे. हजेरीची वही रोज भरावी. सलग तीन दिवस एखादे पोर आले नाही, तर कुणीतरी त्याच्या घरी जाऊन यावे.

चूक झाली तर पोरांसमोर मदतनिसाला बोलू नये. पोरं घरी गेली की दहा मिनिटे बसावे आणि काय जमले, काय फसले ते तिथेच मोकळेपणी बोलावे. मुलींची वेळ उजेडाची ठेवावी आणि सोबत एक जाणती बाई असावी. लहान मुलांबरोबर कुठलाही एकटा मोठा माणूस ठेवू नये. मदतनिसाला मानधन ठरवले असेल तर ते ठरल्या तारखेला, सही घेऊन हातात द्यावे. आणि तो मंडळाचा माणूस आहे, पुढाऱ्याचा सांगकाम्या नव्हे, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. आपल्या फडात ज्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्यांमध्येही लेकरं असतात. पहाटे आई-बाप फडात जातात आणि आठ-दहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन कोपी राखते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. गावाकडच्या शाळेचे शिक्षण हमी पत्रक असेल तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्या लेकराला बसवता येते. शाळेची जागा मंडळाने घेऊ नये, घेता येणारही नाही. पण संध्याकाळचा एक तास मंडळ देऊ शकते. त्या मुलीला "धाकट्याला घरी ठेवून ये" असे म्हणू नका. घरी ठेवायला आहे कोण? धाकट्यालाही येऊ द्या, सतरंजीच्या कोपऱ्यात तोही बसेल.

आपला ऊस तोडायला ज्यांचे आई-बाप आले, ती लेकरं त्या हंगामापुरती तरी आपल्याच गावची. उसाची नोंद आपण तारीख-वार लक्षात ठेवतो. या लेकरांची नोंदही एखाद्या वहीत व्हावी, एवढीच आमची विनंती.

यंदा मोळी टाकण्याआधी गावच्या मंडळात एकदा डोकावून या. अध्यक्ष कोण ते सगळ्यांना ठाऊक असते. तुम्ही एवढेच विचारा, "दुसरी किल्ली कुणाकडे आहे?" उत्तर लगेच मिळाले तर समजावे, खोडवा चांगला फुटणार.