फोनला ओरडावं लागू नये म्हणून

सकाळी ९:३०. जिंतूरच्या बसस्टँडजवळच्या माझ्या दुकानाचं शटर उघडतो. पहिलं काम येलदरीकडच्या एका शेतकऱ्याच्या फोनचं. तक्रार अशी, की बोलताना कानाला चटका बसतो अन् दुपारपर्यंत बॅटरी साफ. मागचं झाकण उघडल्यावर कारण दिसलं : फोन पडला तेव्हा अँटेनाची बारीक वायर बोर्डावरून निसटलेली. लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारताना आपण जसा आवाज चढवतो, तसा टॉवर नीट लागत नसला की फोन जोर वाढवतो. जवळ टॉवर असताना तोच फोन शेकडो पटींनी कमी ताकदीवर काम भागवतो. म्हणून टॉवरला भिणाऱ्यांना मी सांगतो, एकच कांडी दिसत असताना फोन कानाला लावून तासभर बोलणं टाळा. स्पीकर लावा, नाहीतर वायरचा इअरफोन.

वायर दाबून बसवली. आधीच्या कारागिरानं बोर्डावरचं पत्र्याचं झाकणही काढून टाकलेलं होतं. बाहेरच्या लहरी आत आणि आतल्या बाहेर जाऊ नयेत म्हणून ते असतं. भंगारातल्या बोर्डावरचं काढून लावलं. त्याशिवाय मी फोन परत देत नाही.

१२ वाजता. एक निवृत्त गुरुजी आले. पेसमेकर बसवलेला, आणि फोन शर्टाच्या डाव्या खिशात, बरोबर त्याच्यावर.

“गुरुजी, इथं ठेवू नका.”

“काहून? मशीन बंद पडते का?”

“आजकालच्या मशीनला सहसा काही होत नाही. पण १५ सेंटिमीटर तरी अंतर पाहिजे. वीतभर धरा. बोलताना उजवा कान.”

खरी काळजी त्यांच्या पाकिटासारख्या कव्हरची होती. त्याच्या बटणात लोहचुंबक. चुंबक अगदी जवळ आला तर पेसमेकर ठरावीक गतीवर जाऊ शकतो. साधं कव्हर चढवून दिलं आणि डॉक्टरांनाही विचारायला सांगितलं.

३ वाजता. चारठाण्याचा साउंडवाला अॅम्प्लिफायर घेऊन आला, मध्येच टर्रर्र वाजतो म्हणून. अॅम्प्लिफायर ठणठणीत होता. टू-जीचा बटणाचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरी सोडतो, तेच माइकच्या वायरीत ऐकू येतं. फोन मशीनवर ठेवायची सवय सोडली की झालं.

मधल्या वेळात रेडिएशन रोखणाऱ्या स्टिकरची चौकशी झाली. मी ते ठेवत नाही. ते लहरी अडवत नसेल तर पैसे वाया, आणि अडवत असेल तर फोन आणखी जोर लावणार.

५ वाजता. नवा फोन घेणाऱ्या ताईंना *#०७# दाबून फोनचं सार (SAR), म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींच्या ऊर्जेचं माप, दाखवलं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात किलोमागे १.६ वॅट ही सारची मर्यादा आहे, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी धरून. त्याच वर्षी टॉवरच्या लहरींची मर्यादाही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली.

७:३०. एका तरुणानं ऑनलाइन सिग्नल बूस्टर मागवलेला, छतावर लावून द्या म्हणाला. मी नकार दिला. विनापरवाना बूस्टर बेकायदा आहे, आणि तो सिग्नलसोबत गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो. मग गल्लीतल्या इतरांचे कॉल तुटू शकतात आणि त्यांचे फोन जास्त जोर लावू लागतात. त्याच्या घरी वाय-फाय होतंच. फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिलं, दुकानाच्या वाय-फायवरून त्याच्या आईला कॉल लावून बघितला. आवाज स्वच्छ. बूस्टर परत पाठवायची मुदत संपली नाही ना, ते तो तिथंच उभ्या उभ्या बघू लागला.