भिंत बुजवण्याआधी

घराचं काम काढलं की टाइल्सच्या दुकानांत रविवारमागून रविवार जातात. ओट्याला काळा ग्रॅनाइट की पांढरा क्वार्ट्झ, यावरून घरात दोन तट पडतात. इंटरनेट मात्र आठवतं ते रंगारी शिडी उचलून गेल्यावर. मग कंपनीचा मुलगा ड्रिल घेऊन येतो, नव्या खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, काळी केबल क्लिपा ठोकत पडद्याच्या दांडीवरून नेतो आणि डबा टीव्हीमागे लटकवून निघून जातो. दोष त्याचा नाही. त्याला दिवसभरात बरीच घरं उरकायची असतात आणि तुमच्या भिंतीत त्याच्यासाठी वाटच ठेवलेली नसते. ती ठेवायची वेळ एकच: चर मारून झालेत आणि गिलावा व्हायचाय, तेवढे मधले दिवस.

त्या दिवसांत वायरमनकडे विषय काढला, तर तो म्हणेल, ‘‘साहेब, आता कोण वायर टाकतंय? सगळं वायफायवर चालतं.’’ अर्धं खरं आहे. मोबाइल वायफायवरच चालणार. पण वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. आणि इमारतीतले सगळे शेजारी त्यातच दाटीवाटीने बसलेले. 5 गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस, पण तो भिंतीपुढे लवकर दमतो. चार इंची विटेच्या भिंतीतून कसाबसा पलीकडे जातो, आरसीसीच्या भिंतीतून बऱ्याचदा तेवढाही नाही. म्हणूनच मिवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये, जिथे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, हॉलमध्ये उत्तम चालणारं नेट मागच्या बेडरूममध्ये रडतं. रिपीटर आणून ठेवला तर तो हवेतूनच घेतो आणि हवेतूनच पुढे देतो; साध्या रिपीटरमध्ये त्यात निम्मा वेग गळतो. त्याच जागी तारेनं पोचलेला एक ॲक्सेस पॉइंट लावला की तक्रार मिटते. घरात 100 एमबीपीएसचा साधा प्लॅन असला तरी तारेचा फायदा आहे, कारण ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो बहुतेक वेळा वेग कमी पडतो म्हणून नाही, वायफायवरून डेटाचे तुकडे उशिरा पोचतात म्हणून.

तेव्हा हिशोब सोपा ठेवावा. जागचं हलत नाही, त्याला तार: टीव्ही, कामाचं टेबल, दारावरचा कॅमेरा, छतातला ॲक्सेस पॉइंट. प्रत्येक खोलीत चार-चार पॉइंट काढायचा आग्रह काही इंटिरिअरवाले धरतात, तो मला पटत नाही. एकेकाळी फ्लॅटमध्ये खोलीगणिक टेलिफोनचे पॉइंट दिलेले असायचे, आज त्यांवर कोऱ्या पट्ट्या आहेत. टेबलापाशी दोन, टीव्हीमागे दोन, दारावरच्या कॅमेऱ्याला एक, पॅसेजच्या छतात एक. दोन बेडरूमच्या घराला एवढं पुष्कळ झालं.

आता कंपनीकडून घरात येणारी तार, फायबर. ती म्हणजे काच. प्रकाश जातो तो गाभा फक्त 9 मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा; त्याभोवतीच्या आवरणासकट काच 125 मायक्रॉनची. (अशी काचेची तार ओढणारा मोठा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे.) कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक तार वाटेत काचेच्याच स्प्लिटरने 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. या वाटणीला कुठेही वीज लागत नाही, प्रकाशच विभागला जातो. म्हणून तुमच्यापर्यंत पोचतो तो अगदी मंद प्रकाश. तंत्रज्ञ मीटर लावून ‘‘मायनस एकोणीस येतंय’’ म्हणाला की समाधान मानावं. मायनस 27 च्या आसपास गाडी अडखळू लागते. डीबीएमच्या या मापात दर तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक चुकीचा बाक किंवा एक मळका जोड किती महागात पडेल ते बघा.

बाक हीच खरी अडचण. केबल जास्त वाकवली की प्रकाश वळणावर बाहेर गळतो. जुन्या पद्धतीच्या काचेला 30 मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागायचं. घरात आणायच्या हल्लीच्या केबलला साडेसात ते दहा मिलिमीटर चालतं. तरीही पाइप टाकताना काटकोनी एल्बो नकोच, लांब बेंड घ्यायला लावा. आणि दोन बेंडांनंतर मध्ये एक बॉक्स ठेवा. केबल ओढणारा तिसऱ्या वळणाला जोर लावतो आणि आतली काच कुठे तडकली ते मग कुणालाच कळत नाही.

हौसेनं फायबर स्वतःच आणून भिंतीत पुरू नका. कंपनीचा माणूस सहसा स्वतःचीच केबल टाकतो, तुमच्या तारेवर तो हात ठेवणार नाही. त्याला हवा असतो मोकळा पाइप. दारासमोरच्या डक्टमधून, किंवा केबल गच्चीवरून खाली येत असेल तर ड्राय बाल्कनीतून, थेट घरातल्या नेटच्या पेटीपर्यंत 25 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, आत नायलॉनची दोरी आणि दोन्ही टोकांना गाठ मारलेली. शक्य असेल तर असे दोन पाइप. उद्या कंपनी बदलली, तर नवी केबल दुसऱ्या पाइपातून येते आणि जुनी चालू असतानाच नवी जोडून घेता येते. केबल पाइपातून नुसती ओढली जाते आणि टोकाचा हिरवा कनेक्टर नंतर आत जोडला जातो. तो जोड पाहण्यासारखा असतो. तंत्रज्ञ दोन टोकं साफ करून छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवतो, पडद्यावर ती खांबांएवढी जाड दिसतात, मग एक ठिणगी उडते आणि काच काचेत वितळते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: हिरव्या कनेक्टरचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. घाईत एकात दुसरं बसवलं तर ते बसतं, पण प्रकाश तिथेच वाया जातो.

पेटी कुठे? घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये किंवा लॉफ्टखाली. बुटांच्या बंद कपाटात नको, उपकरणं तापतात. लोखंडी पेटी घेतली, तर वायफायचा राउटर तिच्यात ठेवू नका, लोखंड रेडिओलहरी गिळतं. आत फायबरचा डबा आणि नेटवर्क स्विच, वायफाय छतातून. या पेटीत दोन-तीन प्लग पॉइंट द्या आणि ते इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला वायरमनला आधीच सांगा. दिवे गेले तरी बाहेरच्या काचेला वीज लागत नाही; कंपनीचं केंद्र चालू असेल आणि तुमच्या डब्याला वीज मिळत असेल तर नेट सुरू राहतं. इन्व्हर्टर नसेल तर बारा व्होल्टचा छोटा यूपीएससुद्धा पुरतो. फक्त डब्याच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते आधी वाचा.

पेटीतून प्रत्येक पॉइंटकडे जाणाऱ्या केबलला विजेच्या पाइपात घुसवू नका. वायरमन सोय म्हणून हेच करू पाहतो. सिग्नलमध्ये खरखर येते हे खरं, पण मोठं कारण सुरक्षेचं: 230 व्होल्टच्या तारेचं आवरण आत सोललं गेलं तर तो प्रवाह थेट लॅपटॉपला भेटतो. वेगळा पाइप, आणि विजेचा पाइप ओलांडावाच लागला तर काटकोनात. कॉलम-बीमला चर मारू नये हे वेगळं सांगायला नको. मिवानच्या घरात भिंत कापताच येत नाही, तिथे पीओपीच्या छतातून किंवा स्कर्टिंगच्या पट्टीतून वाट काढावी लागते.

केबल कॅट-सिक्स घ्या. 100 मीटरपर्यंत 1 जीबीपीएस ती सहज नेते, 55 मीटरच्या आत तर 10 सुद्धा, आणि फ्लॅटमध्ये कुठलंही अंतर याहून कमीच. कॅट-सिक्स-ए जाड आणि ताठ. घरात तिची गरज मला तरी दिसत नाही. सांभाळायचं ते दुसऱ्याच एका गोष्टीत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल ‘कॅट-सिक्स’ म्हणून सर्रास विकली जाते. खोकं उचलताना हलकं लागतं, तिथेच संशय घ्यावा. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा: आत तांबूस रंग दिसला तर तांबं, पांढरट चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम. ही तार वाकवताना तुटते आणि छतातल्या ॲक्सेस पॉइंटला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर तापते.

गिलाव्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. प्रत्येक पाइपातली दोरी दोन्ही टोकांनी ओढून पाहा, कारण सिमेंट आत शिरून पाइप बुजतो तो याच टप्प्यावर. आणि भिंतीला मोजपट्टी लावून चरांचे फोटो काढा. पुढे टीव्ही युनिट ठोकणारा सुतार कुठे स्क्रू मारणार, हे त्या फोटोंवरून सांगता येतं.

नवं घर बुक करणाऱ्यांनी हेच प्रश्न बिल्डरला विचारावेत. इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल मानांकन देण्याचे नियम दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2024 मध्ये काढले आहेत, तुमच्या प्रकल्पाचं मानांकन झालं आहे का, डक्टमध्ये किती कंपन्यांना जागा आहे, हे विचारायला संकोच नको.

केबल ओढून, पॉइंट बसवून झाले की वायरमन छोट्या टेस्टरवर आठ दिवे लुकलुकवून दाखवेल. त्यावर विश्वासून शेवटचा हप्ता देऊ नका. ते दिवे फक्त तार अखंड आहे एवढंच सांगतात. लॅपटॉप पॉइंटला जोडून जोडणीचा वेग पाहा. आठापैकी एक तार जरी नीट बसली नसेल, तर जोडणी बहुधा मुकाट्याने 100 वर उतरते आणि तक्रार कुणालाच सुचत नाही, कारण नेट तर चालू असतं. प्रत्येक पॉइंटवर 1000 दिसलं की हप्ता द्या, आणि पेटीतल्या प्रत्येक केबलच्या टोकाला खोलीचं नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या.