कोपरारक्षकाचा देह

29 डिसेंबर 2024 रोजी महाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सवर मात करून प्रो कबड्डीचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा विजेत्यांच्या डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई तैनात होता. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुणेरी पलटण विजयी झाली, तेव्हाही तो कोपरा त्यानेच सांभाळला होता. कोपऱ्यातून घातलेल्या पकडींना टाळ्या पडतात. पण त्या पकडींचे मोल रक्षकाचा देह कसे चुकवितो, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

चढाई तीस सेकंदांची. तेवढा वेळ गुडघ्यांत वाकून, भार चवड्यांवर तोलून उभ्या असलेल्या कोपरारक्षकाने, चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे पडून दुसरा अधांतरी असतो त्या क्षणी, घोट्यावर झेप घ्यायची. समोरचा गडी 85 किलोपर्यंतचा, आणि तो सर्व बळानिशी मध्यरेषेकडे स्वतःला लोटीत असतो. पायाबरोबर बोटे फरफटतात, त्यांचे सांधे निखळतात. हात वर आणि मागे ओढला गेला, तर खांदा खोबणीतून निसटतो. गुडघ्याचे भय याहूनही मोठे. मातीवर पाऊल थोडे सरकते, मॅटवर मात्र बूट घट्ट रोवला जातो. पाऊल खिळलेले आणि धड वळलेले, अशा पिळात गुडघ्याच्या आतील एसीएल नावाचा अस्थिबंध तुटतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतण्यास बहुधा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती डोक्याची. मेंदूला हिसका बसण्याचा धोका चेंडू घेऊन धावणाऱ्यापेक्षा त्याला अडविणाऱ्यास अधिक असतो, हे रग्बीने अनुभवाने जाणले आणि नुसता संशय येताच खेळाडूस बाहेर काढण्याचा दंडक घातला. घोट्यावर झेपावणाऱ्या आपल्या रक्षकाचे डोके तर थेट चढाईपटूच्या गुडघ्याच्या वाटेत येते. गावोगावच्या सामन्यांत मात्र भोवळ आलेल्या मुलाच्या तोंडावर पाणी मारून त्यास पुन्हा कोपऱ्यात उभे केले जाते, आणि त्यालाच जिगर म्हणतात. ही जिगर नव्हे, वडीलधाऱ्यांची कसूर आहे. बारा जणांच्या संघात पाच राखीव गडी बसलेले असताना त्यास त्या दिवसापुरते बाहेर बसविण्यास कोणाची हरकत असावी? गुडघा जपण्यासाठी मांडीमागचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आणि डोके गुडघ्याच्या मार्गाबाहेर ठेवून पकड घालण्याची सवय, या दोन्हींची तजवीज कोणत्याही मंडळाच्या अंगणात, एका पैशाच्या खर्चावाचून, आजच करता येते.