वीसपैकी सहा

तो कागद अजून माझ्याकडे आहे. २००९ च्या गणेशोत्सवात अमरावतीच्या राजापेठेतल्या एका मंडळाने गायन स्पर्धा ठेवली होती, तिचं गुणपत्रक. रकाने पाच: सूर ३०, ताल २०, उच्चार २०, सादरीकरण २०, गीताची निवड १०. सतरा नंबरसमोर उच्चाराच्या रकान्यात निळ्या शाईने ६ लिहिलेला आहे. बेरीज माझ्या अक्षरातली. ती मी तेव्हा दोनदा तपासली होती, बरोबर आहे. पण सतरा नंबरला बाद करणं चूक होतं, हे मला त्या रात्री वाटलं आणि आजही वाटतं. त्या रात्री मी गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे.

ते वर्षच गाण्याचं होतं. ८ फेब्रुवारीला, रविवारी, झी मराठीवर सारेगमप लिटिल चॅम्प्सची महाअंतिम फेरी झाली. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही पाच पोरं तोवर घरातलीच झाली होती. आमच्या गल्लीत त्या रात्री दारादारांतून एकच आवाज येत होता. आळंदीची कार्तिकी जिंकली. त्याच महिन्यात हिंदी सारेगमपमध्ये हिंगणघाटची वैशाली माडे पहिली आली आणि अख्ख्या विदर्भाची मान उंच झाली. दोन्ही निकाल लोकांच्या मतांवर लागले. त्यावरून पानटपऱ्यांवर महिनाभर वाद चालले. आर्याचं गाणं अधिक तयारीचं होतं असं म्हणणारे आमच्याकडेही होते, मी स्वतः त्यांच्यातलाच. कार्तिकीच्या खड्या, वारकरी आवाजाने लोक का हलले, हे कळायला मला पुढचे सहा-सात महिने लागले. ते मला सतरा नंबरने शिकवलं.

टीव्हीच्या आधी आमच्याकडे गाण्याच्या स्पर्धा नव्हत्या असं नाही. वऱ्हाडात स्पर्धा म्हटली की खंजेरी भजनाची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, यावलीचा. त्यांनी मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि हातात खंजेरी घेऊन गावंच्या गावं जागी केली. १९४२ च्या चिमूर-आष्टी-यावलीच्या लढ्यामागे त्यांच्या भजनांची केवढी ताकद होती, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं ते उगाच नाही. महाराज १९६८ साली गेले, तरी गावोगावची मंडळं राहिली. पुरुषांची, बायांची, पोरांची. एक पेटी, एक तबला किंवा ढोलक, टाळ आणि पुढे खंजेरी घेतलेला गाणारा. गाणारा आणि वाजवणारा एकच माणूस. आवाज उचलायचा की खंजेरी उचलायची हे त्याला वेगळं ठरवावं लागत नाही, दोन्ही एकदमच उठतात. तिकडे अकोटचे सत्यपाल महाराज सात-सात खंजेऱ्या मांडून बसतात आणि बोलता बोलता वाजवतात. वाजवणं आणि बोलणं वेगळं काढायला गेलात तर हाती काहीच लागत नाही.

२००९ मध्ये मात्र गल्लीतल्या मंडळांनाही टीव्हीसारखीच स्पर्धा हवी झाली. ‘एलिमिनेशन’ हा शब्द तेव्हाच आमच्या तोंडी आला. आमच्या स्पर्धेचा विषय ‘लोकगीत व भक्तिगीत’. दोन फेऱ्या, भाड्याने आणलेला कीबोर्डवाला, ऑक्टोपॅड आणि एक परीक्षक. परीक्षक शास्त्रीय गाणं शिकवणारे, मानाचे, वयाने मोठे. त्यांच्या हेतूबद्दल मला कधी शंका नव्हती, आजही नाही. माझं काम गुणांची बेरीज करायची आणि नावं माइकवर वाचायची.

सतरा नंबर दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. चाळिशीचा माणूस, पांढरा सदरा, भगवी टोपी. दुपारपासून दमट होतं आणि खंजेरीचं चामडं उतरलं होतं. मंडपाच्या बाजूला चहाची टपरी होती. तिथल्या भट्टीपाशी उकिडवा बसून तो खंजेरी शेकत होता. आचेपासून वीतभर दूर धरायची, फिरवायची, अंगठ्याने टिचकी मारायची, कान लावायचा. पुन्हा धरायची. अर्धा तास तरी हे चाललं होतं. शेवटी टिचकीचा आवाज हाडावर वाजल्यासारखा कोरडा, टणक आला, तेव्हा त्याने ती सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली, पुन्हा गार पडू नये म्हणून. आणि स्टेजच्या पायरीवर कार्यकर्त्याने त्याला थांबवलं. नियम असा होता की स्पर्धकाने वाद्य आणायचं नाही, सगळ्यांना साथ सारखीच. त्याने खंजेरी माझ्या टेबलावर ठेवली. गरम होती.

मग पट्टी. कीबोर्डवाल्याने सोय म्हणून सगळ्या पुरुषांना काळी दोन ठेवली होती. हा माणूस आयुष्यभर काळी चारमध्ये गायलेला. भजनी मंडळात लाउडस्पीकर नसतानाची ती पट्टी. आवाज गावाच्या शिवेपर्यंत जावा म्हणून घेतलेली. अडीच सूर खाली उतरवल्यावर त्याचं धृपद घशातच राहिलं. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. उजवा हात आपोआप मांडीवर पडू लागला, डावा खंजेरी धरल्यासारखा वाकडाच राहिला. दुसऱ्या कडव्यात तो एक ओळ गाळून गेला. ती चूक त्याचीच, ती मी नाकारत नाही. पण शेवटच्या कडव्यात लय चढली, त्याने डोळे मिटले, पट्टी सोडून दिली आणि वर गेला. कीबोर्ड मागे राहिला. मंडपातल्या बायका टाळ्यांनी ठेका धरायला लागल्या. माझ्या अंगावर काटा आला.

परीक्षक माइकवर म्हणाले की आवाजात ताकद आहे, पण सुराची शिस्त नाही, सादरीकरणात आत्मविश्वास नाही आणि उच्चार अशुद्ध आहेत. सतरा नंबर ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणाला होता, ‘पाणी’ला ‘पानी’.

या तिन्ही गोष्टींवर मी इतकी वर्षं विचार करतो आहे, आणि तिसरीवर सर्वात जास्त. सूर सुटला तो मुळात उसन्या पट्टीचा होता. आत्मविश्वास आम्हीच टेबलावर काढून घेतला होता. पण उच्चार? लोकगीताची स्पर्धा ठेवायची आणि लोक ज्या बोलीत गातात तिला वीसपैकी सहा द्यायचे? वऱ्हाडीत ळचा य होतो, णचा न होतो. तो जिभेचा आळस नाही, बोलीचा नियम आहे आणि सगळीकडे सारखा पाळला जातो. अकोल्याचे विठ्ठल वाघ त्याच बोलीत लिहितात, आणि १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातून त्यांचं गाणं महाराष्ट्रभर गेलं. गाडगेबाबांचं १९५६ सालचं मुंबईचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. ते ऐकताना बाबांचा एक शब्द प्रमाण मराठीत बदलून पाहावा, समोरचा माणूस तिथल्या तिथे उठून जाईल. शहरातला गाणारा ग्रामीण गाणं म्हणताना मुद्दाम बोलीतला उच्चार करतो तेव्हा आपण त्याला ‘बाज छान पकडला’ म्हणतो. ज्याचा तो बाज जन्माचा आहे त्याला मात्र अशुद्ध म्हणतो. परीक्षकांचा कान तयार होता, पण तो दुसऱ्या गाण्यासाठी.

त्या रात्री मला एवढंच करता आलं असतं की बेरजेचा कागद परत परीक्षकांपुढे ठेवून म्हणायचं, सर, एकदा खंजेरी हातात देऊन ऐकू या. मी ते केलं नाही. पुढच्या फेरीची नावं वाचली. सतरा नंबर टेबलापाशी आला, खंजेरी उचलली, तिच्यावर टिचकी मारली. उतरली होती. “मले खंजेरी त घेऊ द्याले पाहिजे होती, भाऊ,” एवढंच म्हणाला, आणि दर्यापूरची शेवटची गाडी सापडावी म्हणून घाईने निघून गेला.

त्यानंतरच्या वर्षांत राजापेठेत उड्डाणपूल झाला, स्पर्धांतून कीबोर्डवाला गेला आणि कराओके आलं. कीबोर्डवाल्याला निदान पट्टी बदला म्हणून सांगता येत होतं. ट्रॅकला गाणाऱ्यासाठी थांबता येत नाही आणि लय चढवली तर तो सोबत येत नाही, म्हणून भजन गाणाऱ्यांनी नाव देणंच कमी केलं.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक धीर देतात: बाद झालेलेच पुढे मोठे होतात. उदाहरणंही तयार असतात. नेहा कक्कर इंडियन आयडॉलमधून बाद झाली आणि त्याच कार्यक्रमाची परीक्षक झाली. अमेरिकेत गावाकडच्या गाण्याला ‘कंट्री’ म्हणतात. तिथल्या ‘नॅशव्हिल स्टार’ या स्पर्धेत २००७ साली केसी मस्ग्रेव्हस सातवी आली होती, आणि २०१९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी तिला मिळालं. खरं आहे सगळं. पण हा धीर मला नको वाटतो. सतरा नंबरला ग्रॅमी मिळालं नाही, मिळणारही नव्हतं, आणि म्हणून तो निकाल बरोबर ठरत नाही. त्या रात्री तो जे गात होता ते त्या रात्रीच ऐकायला हवं होतं.

२०२१ मध्ये झी मराठीने लिटिल चॅम्प्स पुन्हा आणलं, तेव्हा २००९ ची ती पाच पोरंच ज्यूरीच्या खुर्च्यांवर बसली. लहानपणी स्वतः गुण घेतलेली ही माणसं. कार्तिकीला तिथे बसलेलं पाहून मी टीव्हीसमोर बराच वेळ नुसता बसून राहिलो.

मध्यंतरी एका गावच्या उत्सवात मलाच परीक्षक म्हणून बोलावलं. मी दोन अटी घातल्या. ज्याला वाद्य आणायचं त्याने आणावं, आणि पट्टी गाणाऱ्याने सांगावी, साथीदाराने नाही. उच्चाराचा रकाना आयोजकांना काढायचा नव्हता. मी तो ठेवला, पण ‘शब्द ऐकू येतात का’ एवढ्यापुरता. सोबतच्या परीक्षकांना हे पटलं नाही, आमचा चांगला वाद झाला, आणि त्यांचेही काही मुद्दे बिनतोड होते: बोलीच्या नावाखाली शब्द गिळणारेही त्या दिवशी दोघे-तिघे निघाले. आम्ही एकेक गाणं दोनदा ऐकत बसलो, स्पर्धा रात्री साडेअकरापर्यंत लांबली.

नावं पुकारायच्या आधी बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा टेबलापाशी आला. बगलेत खंजेरी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

“सर, घरी बोलतो तसंच म्हटलं त चालते का?”

“चालते,” मी म्हणालो. “पट्टी कोणती?”

“काळी चार.”