जुन्या संगणकाची रॅम वाढविताना

आपल्या पुष्कळ लहान दुकानदारांकडे जो संगणक आहे तो जुना आहे. कोणी मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला दुकानात आणून ठेवला, कोणी एखाद्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड घेतला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि कापड, हार्डवेअर, चप्पल, सर्वांचाच हिशेब त्यावर चढला. यंत्र सुस्त होते, ईदच्या गर्दीत बिल निघायला वेळ लागतो, आणि मग "रॅम वाढवा" असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे. परंतु नवी रॅम बसविल्यावर संगणक सुरूच झाला नाही, की "बोर्ड गेला, नवीन घ्या" असे सांगून दुरुस्तीवाला मोकळा होतो. बोर्ड पुष्कळदा गेलेला नसतोच.

कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर पन्हा एक असला म्हणून सुती आणि टेरीकॉट एक होत नाही. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखी, दोन्हींना पिना २४०. पण खालची खाच वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी जात नाही, जोर केला तर स्लॉट मोडतो. डीडीआर-४ ला पिना २८८, ती आणखी वेगळी. सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम बोर्डाचे नाव आणि रॅमचा प्रकार दाखवितो. ते कागदावर लिहून घेऊनच बाजारात जावे. बोर्डाची ताकदही पाहावी. इंटेलच्या जी-३१ चिपसेटची मर्यादा ४ जीबी, जी-४१ ची ८, एच-६१ ची १६.

गडचांदूरहून आम्हाला असल्या सामानासाठी चंद्रपूर, नाही तर नागपूर गाठावे लागते. आमच्या दुकानातील संगणक जी-४१ बोर्डाचा, २ जीबीचा. बोर्डाचे नाव सांगून नागपूरहून ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी मागविली. बसविली तर पडदा काळा आणि आतून एकसारखे बीप-बीप. जुनी पट्टी त्याच स्लॉटमध्ये लावली की यंत्र सुरू. म्हणजे बोर्डही ठीक, स्लॉटही ठीक. नवी पट्टी शेजारच्या एका नव्या बोर्डावर चालली, म्हणजे तीही ठीक. मेख अशी, की जी-४१ ला जास्त साठवणीच्या चिप वाचता येत नाहीत. ४ जीबीच्या पट्टीवर एकूण ८ चिप असतील तर ती त्याला चालत नाही. दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा १६ लागतात. इथेही फसगत आहे. फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणाऱ्या स्वस्त पट्ट्या बाजारात येतात, त्यांच्यावरही १६ चिप असतात. म्हणून लेबलवर '२आर×८' पाहून घ्यावे.

विक्रेत्याला हे सारे ठाऊक होते, पण आम्ही विचारल्यावर बोलला. वरती कोरडे आणि खाली ओले धान्य ठेवून विकणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भर बाजारात टोकले होते. ताग्यातला डाग ग्राहकाला दाखवून विकणारे व्यापारी आपल्यात अजून आहेत. चिप विकणाऱ्यांनाही तोच नियम लागतो.

पट्टी योग्य असूनही संगणक उठत नसेल तर आधी धूळ पाहावी. आमचा भाग सिमेंट आणि कोळशाचा, केबिनेट उघडले की बोट राखाडी होते. वीजेची वायर काढावी, केबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवावी, आणि पट्टीचे सोनेरी दाते पेन्सिलीच्या खोडरबराने हलके घासावे. तोंडाने फुंकू नये, ओल जाते. नंतर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहावी. तरीही नाही, तर बोर्डावरील नाण्याएवढा सेल पाच मिनिटे काढून परत लावावा. मात्र त्यानंतर तारीख नीट करावी, नाही तर बिलावर भलतीच तारीख छापली जाईल.

सुरू झाला म्हणजे झाले, असेही नाही. सदोष रॅम हिशेबाची फाईल बिघडवू शकते. म्हणून झाकण उघडण्यापूर्वीच उधारीचे खाते पेनड्राइव्हवर घ्यावे, आणि रॅम बसल्यावर विंडोजची मेमरी तपासणी रात्रभर चालू द्यावी. ८ जीबी घालूनही सव्वातीनच्या आसपासच दिसत असेल तर विंडोज ३२-बिट आहे असे समजावे. तिथे ६४-बिट नव्याने टाकावी लागते. रॅम परत करायला धावू नये.

आणखी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि जी-४१ किंवा एच-६१ वर कितीही रॅम घातली तरी विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा बँकेच्या व्यवहारासाठी म्हणून अशा यंत्रावर खर्च करू नये. आमचे यंत्र आता ६ जीबीवर चालते. त्यावर फक्त बिले आणि उधारी आहे, इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे, आणि रिटर्न सीएच्या ऑफिसातून भरले जाते.