मलिद्याचे ताट

आश्विन सरत आला की राजूरच्या आसपासच्या खाचरांत हळवे भात कापणीस येते, आणि नव्या भाताच्या पोह्यांचा गंध घराघरांतून दरवळू लागतो. कळसूबाई आणि रतनगड यांच्या सावलीत, प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात राहणाऱ्या आम्हां मंडळींना पोहे ही इतकी नित्याची वस्तू वाटते, की समुद्रापलीकडच्या एखाद्या समाजाच्या धर्मविधीत तिला मध्यवर्ती स्थान असेल, ही कल्पनाही सहसा मनाला शिवत नाही. तथापि इस्रायलमधील भूमध्य समुद्राच्या काठच्या अश्दोद नगरात, नेगेव्हच्या वाळवंटातील दिमोना आणि बीरशेबा येथे, तसेच लोद आणि रामले या गावांत आजही अशी घरे आहेत, की ज्यांत लग्नाच्या आधी, नवस फिटल्यावर किंवा दुखण्यातून माणूस उठल्यावर भिजविलेले पोहे, गूळ आणि ओल्या नारळाचा चव एकत्र कालवून, भोवती निरनिराळी फळे मांडून आणि वर गुलाबाची फुले ठेवून एक ताट सिद्ध केले जाते. त्या ताटाला मलिदा म्हणतात, आणि ते मांडणारे लोक म्हणजे आपल्या कोकणातून तेथे गेलेले बेने इस्रायल यहुदी.

या समाजाची परंपरा अशी सांगते, की शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत वाचली. हे केव्हा घडले याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. परंतु नवगावची जुनी दफनभूमी आणि तिच्याविषयीचा भक्तिभाव मात्र निःसंशय आहे. ग्रंथ नाही, गुरू नाही, प्रार्थनामंदिर नाही, अशा स्थितीत या लोकांनी कोकणातील खेड्यापाड्यांत तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला, मराठी भाषा आपली केली, आणि गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर अशी आडनावे घेतली. शनिवारी मात्र ते घाणा जुंपीत नसत, आणि त्यामुळेच भोवतालच्या रयतेने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. एका मुलुखाची सारी रीतभात स्वीकारूनही आठवड्यातील एक दिवस आपल्या पूर्वजांसाठी राखून ठेवणे, यात या समाजाचे सारे चरित्र साठवलेले आहे, असे मला वाटते.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला आणि पर व खवले नसलेली मासळी हे लोक खात नाहीत, हे पाहून त्याला त्यांच्या मूळ धर्माची खूण पटली, अशी आख्यायिका आहे. त्याने काही तरुणांना धर्मविधी शिकविले, आणि त्यांना ‘काजी’ ही पदवी प्राप्त झाली. मुसलमानी अमदानीतील न्यायाधिकाऱ्याचे बिरुद यहुदी उपाध्यायाला मिळावे आणि तो मराठीत निवाडा देऊ लागावा, हा योग कोकणातच जुळून येऊ शकतो. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतील कमांडंटाने, टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर, मुंबईच्या मांडवी भागात या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधविले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले, आणि मशीद बंदर या रेल्वे स्थानकाच्या नावाचे मूळ तेथेच असल्याचे सांगतात. अलिबागच्या ज्या आळीत १८४८ सालापासून सिनेगॉग उभे आहे, तिला इस्रायल आळी हेच नाव आहे.

सणांची त्यांनी घातलेली नावे तर मराठीच्या अभ्यासकाने हळुवार हाताने जपून ठेवावीत अशी आहेत. वर्षप्रतिपदेचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा उपवास दारे लावून घरात पाळावयाचा म्हणून दारफाळणीचा सण. खीर करावयाची म्हणून खिरीचा सण. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन वालाचे बिरडे खाऊन पाळला जात असल्यामुळे तो बिरड्याचा सण. मूळ इब्री नावे विस्मृतीत गेली असतील, परंतु दिवस गेले नाहीत. ते स्वयंपाकघरातील भांड्यांच्या आणि दाराच्या कड्यांच्या आश्रयाने राहिले. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, वृक्षांच्या नववर्षाच्या दिवशी, जो उत्सव होतो त्याला ‘इलियाहू हन्नबीचा उरूस’ म्हणतात. या तीन शब्दांत पैगंबराचे नाव इब्री, उत्सवाचा शब्द अरबी आणि दोघांना जोडणारा प्रत्यय शुद्ध मराठी आहे. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर त्या पैगंबराच्या रथाची खूण उमटलेली आहे, अशी श्रद्धा आहे, आणि मलिदा अर्पण होतो तो त्याच्याच नावाने. मलिदा हा शब्द मूळचा फारसी, दर्ग्यांतून आपल्या परिचयाचा; पोहे आणि नारळ कोकणचे.

ज्ञानसंपादनाच्या बाबतीतही हा समाज मागे नव्हता. वल्हांडणाच्या सणाच्या रात्री वाचावयाचा ‘हगादा’ मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली निघाला, आणि पुण्यात १८७४ साली निघालेल्या आवृत्तीत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास या मंडळींनी कीर्तनाची परंपराही आत्मसात केली: पूर्वरंग, उत्तररंग, टाळमृदंग सर्व काही यथास्थित, फक्त आख्यान योसेफाचे किंवा दाविदाचे. हायम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा जो विस्तृत इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. इकडे लिहिलेले पुस्तक त्या भूमीत आधी पोहोचले, आणि समाज त्याच्या मागून निघाला.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र जन्मास आले तेव्हा भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. त्यांतील बहुसंख्य पुढील दोन-तीन दशकांत तिकडे गेले. येथे छळ नव्हता, ही गोष्ट ते स्वतः अभिमानाने सांगतात. जे गेले ते ओढीने गेले. पण ज्या भूमीसाठी पिढ्यान् पिढ्या प्रार्थना केली, तिने त्यांचे स्वागत सर्वत्र मोकळ्या मनाने केले नाही. वाळवंटातील नव्या वसाहतींत कष्टाची कामे वाट्यास आली, आणि त्याहून दुःखद म्हणजे, विवाहप्रसंगी काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या वंशशुद्धीचा दाखला मागण्यास प्रारंभ केला. शतकानुशतके घाणा बंद ठेवून शनिवार पाळणाऱ्यांना, तुम्ही यहुदी आहात याचा पुरावा द्या, असे म्हणणे किती कठोर होते, हे लिहिताना आजही माझे मन व्यथित होते. जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले, आणि १९६४ साली इस्रायल सरकारने आणि तेथील संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे निःसंदिग्धपणे जाहीर केले.

परक्या देशात वारसा कसा टिकतो, हा प्रश्न जगातील इतर स्थलांतरितांनाही पडला आहे. अमेरिकेतील टेक्सस प्रांतात १८४५ साली जर्मन लोकांनी न्यू ब्राउनफेल्स हे नगर वसविले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन भाषा संशयाचा विषय झाली, अनेक शाळांतून तिचे शिक्षण बंद पडले, आणि खारवलेल्या आंबट कोबीचे जर्मन नाव टाकून त्याला ‘स्वातंत्र्याचा कोबी’ म्हणण्याची वेळ आली. त्याच नगरात १९६१ सालापासून दरवर्षी सॉसेजचा मोठा उत्सव भरतो. वाद्ये वाजतात, पूर्वजांचे पोशाख बाहेर निघतात, आणि जे एके काळी लपवावे लागले तेच मिरविले जाते. इस्रायलमधील मराठी यहुद्यांचाही उत्सव असतो: १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होतो, लावणी आणि कोळीगीते होतात, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी कित्येक वर्षे चालविले आहे. तथापि मंचावरच्या या सोहळ्यापेक्षा घरातील ताट मला अधिक चिवट वाटते. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, पुष्कळांना बोलताही येत नाही. परंतु विवाहापूर्वी मेंदी लागते आणि मलिदा होतो. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा शिजतो, आणि त्यात नारळाचेच दूध घालतात, कारण मांसाहाराबरोबर गायीम्हशीचे दूध त्यांच्या धर्मात निषिद्ध आहे. शास्त्र पॅलेस्टाइनचे आणि त्यातून वाट काढून देणारे फळ कोकणचे, असा हा पदार्थ आता तिकडच्या पिढीला केवळ आजीचा म्हणून ठाऊक आहे.

असा वारसा पाहिला की मला बियाणे आठवते. आमच्याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती देशी बियाणे जतन केल्याबद्दल. बियाण्याविषयी आमच्याकडे जुन्या माणसांची रीत अशी, की ते नुसते कणगीत ठेवून भागत नाही, ते दरसाल पेरावे लागते. आणि दुसऱ्या रानात लावले म्हणजे त्याला त्या रानाचा गुण येतोच. नवगावला उतरलेल्या त्या चौदा जणांनी जे आणले होते त्यात पोहे नव्हते, नारळ नव्हता, मराठी नव्हती. वाटेत जे मिळाले तेच त्यांच्या वंशजांनी पुढच्या प्रवासात शिदोरी म्हणून बरोबर घेतले, आणि आज अश्दोदमध्ये त्यांची ओळख ज्या गोष्टींवरून पटते त्या बहुतेक साऱ्या रायगड जिल्ह्यातल्या आहेत.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, तेव्हा येथे उरलेली माणसे थोडीच होती. परंतु नवगावची वाट मोडलेली नाही. दरसाल इस्रायलहून कुटुंबे येतात, दफनभूमीपाशी उभी राहतात, खंडाळ्याच्या खडकापाशी मलिदा करतात. आणि मग पेणकर पेणला, रोहेकर रोह्याला, किहीमकर किहीमला जाऊन, आपले आडनाव ज्या पाटीवर लिहिलेले आहे ती गावाच्या वेशीवरची पाटी मुलांना दाखवितात.