पणजीचे माहेर : वंशवृक्षातील रिकामी जागा

बँकेत खातेदाराची ओळख पटवताना एक प्रश्न हमखास विचारला जात असे : आईचे माहेरचे आडनाव काय? हे आडनाव घरातल्यांना ठाऊक असते आणि परक्याला सहसा नसते, एवढाच त्या प्रश्नामागचा हिशेब. तोच प्रश्न दोन पिढ्या मागे नेऊन पणजीचे माहेरचे आडनाव विचारले, की घरातलेही परक्यासारखे गप्प होतात. पणजी ऐन तारुण्यात विधवा झालेली असेल, तर हे मौन अधिकच गडद असते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. मारवाडातून येऊन नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी स्थिरावलेले ओसवाल घराणे. दिवाणखान्याच्या भिंतीवर सात पिढ्यांचा वंशवृक्ष. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पणजोबा गेले. मागे विशीतील पत्नी आणि दोन अज्ञान मुले राहिली. मुले हाताशी येईपर्यंत त्या बाईने दुकान मोडू दिले नाही. वंशवृक्षात मात्र तिची नोंद पतीच्या नावाखाली ‘धर्मपत्नी’ एवढीच. हे घर केवळ नमुन्यादाखल घेतले आहे. पण १८९६ पासूनचा प्लेग आणि नंतरची ही साथ यांनी मुंबई इलाख्यातील इतक्या घरांवर घाला घातला, की अनेक वाचकांना त्यात आपलेच घर दिसावे.

हे नाव हरवते कसे? समाजाने ते मुद्दाम पुसले असे नाही. ओसवालांत सोयरीक जुळवताना स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे टाळण्याची जुनी चाल आहे. त्या बाईचे माहेरचे गोत्र तिच्या मुलांच्या लग्नात ‘आईचे’ म्हणून विचारले गेले आणि नातवांच्या लग्नात ‘आजीचे’ म्हणून. पणतवांच्या लग्नात ते विचारण्याचे कारणच उरले नाही. ज्या नावाची व्यवहाराला गरज राहिली नाही, ते तिसऱ्या पिढीत स्मरणातून उतरले. घरातील सर्वांत वृद्ध स्त्री हयात आहे तोवर ते तिच्याकडे असते. तिच्या पश्चात ते केवळ कागदांत उरते.

आणि कागदांची भाषा पुरुषाची आहे. जुन्या मराठी दस्तांत पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वल्लद’ येते, म्हणजे अमक्याचा मुलगा. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ येते, म्हणजे अमक्याची पत्नी. लग्न झाले की पित्याचे नाव तिच्या कागदांतून जाते. सातबाऱ्यावर अज्ञान मुलांच्या नावांपुढे ‘अ. पा. क.’ ही अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ अज्ञान पालनकर्ता. आणि पुढे ‘आई’ म्हणून त्या बाईचे नाव. शेत सांभाळणारी ती, पण माहेर तिथेही नाही. देवालयांतील धातुप्रतिमांवरील जुन्या लेखांतही हाच क्रम आढळतो : ज्ञाती, गोत्र, श्रेष्ठी, भार्या, पुत्र. भार्येचे नाव असते, पण गोत्र पतीचे.

म्हणून या शोधाचे पहिले सूत्र असे, की बाईचे नाव शोधत बसू नये. तिच्या भावाचे शोधावे. भाऊ पुरुष असल्यामुळे कागदांत तो आडनावासह सापडतो.

आरंभ घरातूनच करावा. मुलांच्या लग्नात मामाने मायरा भरला, तर त्याची नोंद आहेराच्या वहीत असते. लग्नपत्रिकांत मामाचे नाव व गाव छापलेले असते. संवत्सरीनंतर नातलगांना पाठवलेली आणि त्यांच्याकडून आलेली खमतखामण्याची पोस्टकार्डे पुष्कळ घरांत जपलेली असतात. त्यांवरील पत्ते व पोस्टाचे शिक्के म्हणजे नात्यांचा नकाशाच. आणि पेढीच्या खातेवह्या नीट वाचाव्यात. पतीच्या मृत्यूनंतरच्या वर्षी कोणाच्या तरी नावाने रक्कम जमा झालेली आहे, त्यावर व्याज लावलेले नाही, आणि ते आडनाव गावातील कोणत्याही व्यापाऱ्याचे नाही, असे आढळले तर तिथे थांबावे. बिनव्याजी पैसा बाजारात मिळत नाही. तो बहुधा नात्यातून येतो. ती रक्कम भावाची निघाली, तर केवळ आडनाव सापडले असे होत नाही. आज ज्या पेढीच्या पाटीवर पणजोबांचे नाव आहे, ती पेढी कोणाच्या भांडवलावर तगली, हेही उमगते.

घरात काही न सापडल्यास सरकारी दप्तराकडे वळावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत येथे उपयोगी पडते. थोरल्या मुलाच्या शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा काढून त्यात जन्मस्थळाचा रकाना भरलेला आहे का ते पाहावे. घराणे एका गावचे आणि जन्म दुसऱ्याच गावचा असेल, तर ते दुसरे गाव आईचे माहेर असण्याचा संभव मोठा. त्या गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४ अथवा लोकांच्या तोंडचे कोतवाल बुक, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहता येते. लहान गावात त्या काळी जैन घरे मोजकीच असत. त्यांची गोत्रे स्थानकातील वा मंदिरातील देणगीदारांच्या जुन्या पाट्यांवरून कळतात. येथवर आले की शोध दोन-चार आडनावांवर येऊन ठेपतो.

न्यायालयीन कागद त्याहून बोलके असतात. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १० नुसार, पालक नेमण्यासाठी अर्ज करताना अज्ञानाचे जवळचे नातलग कोण आणि ते कोठे राहतात हे लिहावे लागते. विधवेने मुलांच्या मिळकतीसाठी असा अर्ज केला असेल, तर त्या यादीत काकांच्या शेजारी मामा आढळण्याची आशा धरावी. मूल नसलेल्या विधवेच्या बाबतीत दत्तकपत्र शोधावे. पतीची पूर्वपरवानगी नसतानाही निपुत्रिक जैन विधवेला दत्तक घेता येतो ही रूढी प्रिव्ही कौन्सिलने १८७८ साली शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात मान्य केली. तो खटला उत्तर हिंदुस्थानातील सरावगी अगरवाल जैनांचा होता. त्यामुळे जैन विधवेचे दत्तकपत्र हा बहुधा तिच्या स्वतःच्या निर्णयाचा दस्त असतो. तो नोंदवलेला असल्यास दुय्यम निबंधकाच्या सूचीवरून शोधता येतो, आणि त्यावरील साक्षीदारांची नावे एकेक तपासावीत. वैधव्यानंतर दीक्षा घेतलेल्या स्त्रीचे संसारातील नाव जाते, परंतु दीक्षेची पत्रिका मिळाली तर तीत माता-पित्यांचे नाव सापडू शकते.

शेवटी वहीवंचे, भाट आणि कुलगुरू. त्यांच्या वह्या मुख्यतः पुरुषांच्या असल्या, तरी काहींत सुनेच्या पीहरचे गोत्र व गाव लिहिलेले आढळते. तोंडी वाचनावर समाधान मानू नये. ते पान डोळ्यांनी पाहून त्याचे छायाचित्र घ्यावे.

वाटेत तीन खाचखळगे आहेत. पहिला तिथीचा. विक्रम संवत कुठे चैत्रात बदलतो, कुठे कार्तिकात. १९१८ च्या आश्विनातील मृत्यू चैत्री गणनेने संवत १९७५ मध्ये पडतो, कार्तिकी गणनेने १९७४ मध्ये. एका वर्षाच्या या फरकामुळे बरोबर नोंद चुकीची समजून सोडून दिली जाते. दुसरा लिपीचा. सरकारी कागद मोडीत आणि बह्या मुडियात. मुडियात मात्रा गाळलेल्या असतात. ‘लोढा’ आणि ‘लढ्ढा’ यांतील फरक तिथे संदर्भानेच ठरतो, आणि पहिले आडनाव ओसवालांचे तर दुसरे माहेश्वरींचे. तिसरा नावाचा. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल असलेल्या घरांत सासरचे नाव घेऊन माहेरी चौकशी केली, तर ‘अशी कोणी मुलगी आमच्याकडे नव्हती’ हेच उत्तर मिळते. तिथेही भावाचे आणि जावयाचे नाव घेऊन विचारावे.

स्त्रीचे माहेर लिहिण्याची परंपरा आपल्याकडे नव्हतीच असे म्हणता येणार नाही. आबूवरील देलवाड्याचे लूणवसही मंदिर तेजपालाने पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र लावण्यसिंह यांच्या श्रेयासाठी बांधले. संवत १२८७ च्या, म्हणजे इसवी सन १२३० च्या तेथील प्रशस्तीत वस्तुपाल-तेजपालांच्या कुळाबरोबर अनुपमादेवीच्या पितृकुळाचेही वर्णन आहे : चंद्रावतीचे प्राग्वाट घराणे, पिता धरणिग, माता त्रिभुवनदेवी. आठशे वर्षांपूर्वी एका मंत्र्याने पत्नीचे माहेर दगडावर कोरून ठेवले. आपण ते कागदावरही ठेवले नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदोपत्री आईचे नाव बंधनकारक झाले आहे. आईचे नाव त्यामुळे टिकेल. तिचे माहेर टिकवणे घराच्याच हाती आहे.

येत्या दिवाळीत चोपडापूजन होईल, नवी वही उघडली जाईल. त्या वेळी एक पान वेगळे काढावे. घरात आलेल्या प्रत्येक सुनेचे नाव, तिचे लग्नापूर्वीचे नाव, माता-पित्यांची नावे, गोत्र आणि गाव त्यावर लिहावे, आणि ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या स्त्रीपासून आरंभ करावा. मात्र घरात नव्वदीची आजी असेल, तर तिला विचारण्यासाठी दिवाळीची वाट पाहू नये. त्या विधवेने दुसऱ्याच्या घराण्याची वही पंधरा वर्षे राखली. तिच्या नावापुढील एक रकाना भरणे हे उपकार नव्हेत, थकलेले देणे आहे. आणि व्यापारी घराला थकलेले देणे वहीत तसेच पुढे ओढणे शोभत नाही.